उसने जावई

अधिक महिन्यात जावयाने सासुरवाडीला येऊन काय करावं, याबद्दल गावात दुमत नव्हतं. काहीही करू नये. पाटावर बसावं, पुढ्यात येईल ते खावं, दुपारी पंख्याखाली आडवं व्हावं आणि उठल्यावर चहा दिसला नाही तर घड्याळाकडे बघावं. स्वतःच्या पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नये. उचललाच तर ती सासूची बेअब्रू. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि तेवढ्यापुरता जावई म्हणजे साक्षात विष्णू असतो. विष्णूही शेषावर पडूनच असतो, त्यामुळे हे सगळं शास्त्राला धरूनच आहे.

म्हणूनच हरिचंद्र भोईरचा जावई रोज सकाळी गावदेवीच्या मैदानात तांदळाची गोण खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतो, ही बातमी बदलापूर पूर्वेच्या त्या गावात दूधवाल्याच्याही आधी घरोघरी पोचली. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, गोण कुठेतरी पोचवायची असेल. दुसऱ्या दिवशी तोच जावई, तीच गोण, तेच मैदान. गोण कुठेच पोचत नव्हती. यामुळे लोक जास्त अस्वस्थ झाले. हमाली एक वेळ समजते. रिकामी हमाली म्हणजे सासऱ्याने मुद्दाम केलेला छळ.

जावयाचं नाव डोनल हेगार्टी. आयर्लंडचा. हरिचंद्रची तेजल नर्स म्हणून तिकडच्या कॉर्क गावी गेली, तेव्हा हा गुडघा फोडून घेऊन तिच्या वॉर्डात पडला होता. बाकीचे पेशंट विव्हळत, हा जागा अडवल्याबद्दल माफी मागे. चार वर्षांपूर्वी बदलापूरच्या हॉलमध्ये लग्न झालं तेव्हा त्याच्या डोक्याला फेटा पुरेना. दोन फेटे जोडावे लागले. मान डोक्याइतकीच रुंद, खांदे दाराच्या चौकटीला विचारून आत येणारे, आणि बोलणं मात्र देवळात आल्यासारखं हळू.

धंद्याने तो रग्बी खेळाडू. हे गावाला समजावताना हरिचंद्रची चार वर्षं गेली होती.

"चेंडू बगलेत मारून पळतान, तेच ना?" लोक विचारत.

"पळणारे वेगळे. आमचे रेटतात," हरिचंद्र सांगे.

खेळ मध्येच थांबला की दोन्ही संघांची आठ-आठ माणसं वाकून, एकमेकांना धरून, समोरासमोर खांदे भिडवतात आणि रेटतात. याला स्क्रम म्हणतात. त्यात पहिल्या रांगेत उजव्या हाताला डोनल. समोरच्या आठांचा बराचसा भार त्याच्या मानेवर येतो आणि त्याने मागे सरायचं नसतं. एवढंच त्याचं काम. एकोणिसाव्या वर्षी बापाच्या गाई सोडून तो क्लबात गेला, पाच वर्षं राखीव बसला, कारण पहिल्या रांगेतली माणसं लोणच्यासारखी उशिरा मुरतात. मग दहा वर्षं तो त्याच क्लबासाठी मागे सरला नाही. या काळात त्याने एकूण दोनदा गुण केले. त्यातल्या एकदा तो चेंडू घेऊन नुसता पडला होता, आणि गुणांची रेष त्याच्या खाली आली. देशाकडून एक सामना, तोही बदली म्हणून शेवटची काही मिनिटं. ती हिरवी जर्सी काच लावून हरिचंद्रच्या बैठकीत टांगलेली होती, खंडोबाच्या शेजारी. पाहुणे दोघांनाही नमस्कार करत.

गेल्या वर्षी एक स्क्रम कोसळला. डोनल खाली गेला आणि उठला नाही. मानेचं ऑपरेशन झालं. क्लबाने फुलं दिली, भाषण केलं, आणि करार वाढवला नाही.

हे सगळं तेजलने बापाला ओट्यावर बसून सांगितलं, आई आत अनारशांना पीठ मळत असताना.

"दुसऱ्या एका क्लबाने बोलावलंय जुलैत. छोटा क्लब आहे. स्क्रममध्ये घालून बघणार. टिकला तर एक सीझन. नाही टिकला तर भावाच्या गोठ्यात."

"म्हणजे गेटवर परत उभं राहायचं," हरिचंद्र म्हणाला.

त्याला जास्त समजवावं लागलं नाही. अंबरनाथ एमआयडीसीत फिटर म्हणून त्याची पहिली कित्येक वर्षं कंत्राटात गेली होती. अकरा महिने झाले की ब्रेक. मग पुन्हा गेटवर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर आत. परमनंट होईपर्यंत त्याला ते बोट स्वप्नात दिसे. आयर्लंडसारख्या पुढारलेल्या देशातही तीच पद्धत आहे हे ऐकून त्याला वाईट वाटलं, आणि जावयाबद्दल पहिल्यांदाच घरचं माणूस असल्यासारखं वाटलं.

"पण मान?" त्याने विचारलं.

"मान बरी आहे, पप्पा. सर्जन बोलले, रिपोर्ट बोलतो, मी पण बोलते. फक्त तो बोलत नाही. ऑपरेशननंतर एकदाही स्क्रममध्ये गेला नाही. गोण उचलेल, टायर उलटवेल, दोर चढेल. समोरून माणूस खांदा लावायला आला की बाजूला होतो. वर हसतो."

"मग तिकडे जाऊन काय करणार?"

"तेच तर," तेजल म्हणाली.

हरिचंद्रने ते हसू बघितलं होतं. दोनच दिवसांपूर्वी गावच्या कबड्डी मंडळाचा कॅप्टन सुजित मस्करीत खांदा पुढे करून आला, तेव्हा डोनल चटकन बाजूला झाला आणि हसला. मग सुजित वळल्यावर त्याने मानेवर हात ठेवला, जसा माणूस खिशात पाकीट आहे ना हे चाचपून बघतो.

गोणीचं प्रकरण मात्र वाढत गेलं. हरिचंद्रचा चुलत भाऊ चंदर संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. चंदरने जमीन बिल्डरला दिल्यापासून तो लोकांच्या ओट्यावर बसण्याचंच काम बघत असे.

"हरी, तुना गोण उचलायला माणूस मिळत नाय काय?"

"तो एक्सरसाइज करतो."

"असं. मग माझ्या बापसाने पण जलमभर एक्सरसाइजच केली. आम्ही येडे, हमाली बोलायचो."

"त्याचा धंदाच तो आहे, चंदर."

"धंदा त्याच्या गावात. हितं तो जावय हाय. माझा अनीश आलाय बघ पनवेलहून. त्याला मी पेपर पण उघडून देतो."

आतून हरिचंद्रच्या बायकोने, मोतीबाईने, हे ऐकलं. तिने गोण कोठीत ओढून नेली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवसापासून डोनल ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत. पुढ्यात ताट. अधिकात घरात सुकटसुद्धा शिजत नसे, त्यामुळे ताटात अनारसे, पुरणाचे धोंडे, तूप, पुन्हा अनारसे. त्याच्या गावीही आईने वाढलेलं नाकारणं असभ्य समजत असावेत, कारण तो सगळं खाई. रिकामं ताट दिसलं की मोतीबाई पुन्हा भरी. दोन सुसंस्कृत माणसं एकमेकांचा मान राखत होती आणि एक करिअर तुपात बुडत होतं.

"आई, त्याला अंडी पाहिजेत, घाम पाहिजे," तेजल म्हणाली.

"लोकं काय बोलतान ते तू आयर्लंडला जाऊन ऐकणार नायस. मना हितंच ऱ्हायाचं हाय."

अंड्यांचा प्रश्न हरिचंद्रने सोडवला. ‘जावयाला कंपनी दाखवून आणतो’ म्हणून तो डोनलला स्कूटरवर मागे घेऊन आनंदनगर एमआयडीसीच्या गेटपाशी नेई. स्कूटरचं पुढचं चाक रस्त्याला जेमतेम टेकलेलं असे. तिथल्या गाडीवर डोनल उकडलेली अंडी अशी खाई की शिफ्टला निघालेले कामगार थांबून बघत. मोतीबाईला हे ठाऊक होतं. जावयाला कंपनी इतकी का आवडते, असं तिने एकदाही विचारलं नाही.

पण घाम आणि धक्का हे गाडीवर मिळत नव्हते. हरिचंद्र सुजितकडे गेला.

"तुझी पाच पोरं दे सकाळची. डोनलला समोरून रेटायचं. बास."

सुजितने कान पकडले. "काका, कुठल्या पण टीमला अंगावर घेऊ. पण जावयाला धक्का? ते पण अधिकात? माझी आई घरात घेणार नाय."

"कबड्डीत तू रोज कोणाच्या तरी जावयाची तंगडी खेचतोसच की."

"तेव्हा तो प्लेयर असतो, काका. हा तुमच्याकडे जेवायला आलेला हाय."

हरिचंद्र भर उन्हात परत निघाला. गल्ली सुनसान होती आणि प्रत्येक ओट्यावर एक खुर्ची होती. प्रत्येक खुर्चीत एक जावई होता. कुणी मोबाइल बघत होता, कुणी बघून झालेला मोबाइल पुन्हा बघत होता. कुणाच्या पुढ्यात सरबत, कुणाच्या पुढ्यात कलिंगड. सगळे धुतलेल्या कपड्यांत, तुळतुळीत, आठवडाभर कुणी काही काम न सांगितल्याने चेहऱ्यावर एक प्रकारची उपासमार. हरिचंद्र तीन घरं पुढे गेला आणि थांबला. गावातल्या माणसाने गावच्या जावयाला हात लावायचा नाही, हे खरं. पण जावयाने जावयाला? त्याबद्दल कुठेच काही म्हटलेलं नव्हतं. एक विष्णू दुसऱ्या विष्णूला रेटत असेल तर त्यात भक्तांचा काय दोष?

तो तसाच उलटा फिरला आणि पहिल्यांदा चंदरच्या ओट्यावर गेला. कारण नकार घ्यायचाच तर मोठ्या घरापासून घ्यावा.

"चंदर, तुझा जावई जरा उसना दे."

गावात शिडी उसनी देतात, लग्नाचं पातेलं देतात. चंदरने चष्मा काढला. "काय?"

"सकाळी अर्धा तास. उद्यापासून."

"कामाला?"

"काम मी जावयाला सांगतच नाय. माझ्या जावयाला धक्का मारायचा, तेवढंच."

चंदर विचारात पडला. हरीच्या जावयाला एकदा धक्का द्यावा असं त्याला ती जर्सी काचेत गेल्यापासून वाटत होतं; पण असं कुणी घरी येऊन विनंती करेल याची त्याने तयारी केली नव्हती. तो काही बोलायच्या आत खुर्चीतून अनीश उठला. अनीशचं पनवेलला टाइल्सचं शोरूम. माणूस भारदस्त, टाइल्सचे बॉक्स स्वतः उतरवणारा.

"मी येतो," अनीश म्हणाला. "आत्ता जाऊया का?"

संध्याकाळपर्यंत पाच जावई जमले. अनीश, कल्याणचा एक हवालदार, मुरबाडचा केटरिंगवाला, ज्याला आठ दिवस दुसऱ्याच्या हातचं खाऊन वैराग्य आलं होतं, एक विमा एजंट, ज्याला डोनलशी नाहीतरी बोलायचंच होतं, आणि उल्हासनगर कॅम्प एकमधला कमलेश. कमलेशचा जीन्स शिवायचा कारखाना होता, आणि सिंधी व्यापाऱ्यांत बसून बसून त्याची मराठी तिसऱ्या वाक्याला कूस बदले. "काय टेन्शन नाय, साईं," तो म्हणाला. "तीस तीस जीन्सचे गठ्ठे मारतो आपण. ये तो एकही पीस है."

सकाळी मैदानात अख्खं गाव लोटलं. उसने का असेनात, जावई होते. बायकांनी आधी पाचही जणांना कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. मोतीबाई कडेला उभी होती, किल्ली कमरेलाच. डोनलने पाचांना वाकायचं कसं, पाठ सपाट कशी ठेवायची, एकमेकांच्या काखेतून कसं धरायचं ते दाखवलं. शिकवताना तो वेगळाच दिसत होता. आवाज मोठा, हात ठाम. तिघे पुढे, दोघे मागे. मग तो त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला, आणि पुन्हा हळू बोलणारा माणूस झाला. हात मानेवर गेला.

नवऱ्याला धीर देण्याची तेजलची सगळी वाक्यं आधीच वापरून झाली होती.

तो वाकला. पाच जावई पुढे आले. आणि खांदे भिडणार तेवढ्यात डोनल बाजूला झाला.

पाचही विष्णू तोंडावर पडले. पाच घरच्या सासवा एकदमच पुढे धावल्या. अनीशचा नवा शर्ट, चंदरने अधिकाचा म्हणून घेतलेला, गळ्यापासून खिशापर्यंत मातीचा.

"झालं समाधान?" चंदर हरिचंद्रला म्हणाला. तो मोठ्याने बोलला नाही. त्याची गरज नव्हती.

हरिचंद्रला कळलं की आता हे इथे थांबलं तर दोन गोष्टी कायमच्या ठरतील. गावात तो पाच जावयांना मातीत घालणारा माणूस ठरेल. ते तो सोसेल. पण डोनलसुद्धा काहीतरी ठरवून इथून जाईल, आणि मग जुलैत तो विमानातून उतरून सरळ गोठ्यात जाईल. डोनल लाल चेहऱ्याने प्रत्येकाला हात देत होता, "सॉरी, सॉरी" म्हणत होता.

अनीशने तोंडातली माती थुंकली. "सॉरी काय? साहेब बाजूला झाला. असं नाय चालत. परत."

"परत नाय," चंदर म्हणाला.

"पप्पा, तुम्ही बसा जरा," अनीश म्हणाला. जावयाने सासऱ्याला बसायला सांगितल्यावर अधिकात पर्याय नसतो. चंदर बसला.

"मेरा तो घुटना गया, साईं," कमलेश पँट झटकत म्हणाला. "अब तो करूनच जाऊ."

हरिचंद्र डोनलजवळ गेला. कंपनीत त्याने जे इंग्रजी मिळवलं होतं ते सगळं नटबोल्टांचं होतं. त्यात या प्रसंगाचं काही नव्हतं. म्हणून तो मराठीतच बोलला.

"पाय रोव. बाकी मग बघू."

‘पाय’ हा शब्द डोनलला येत होता. या महिन्यात सासरच्यांनी ते इतक्यांदा धुतले होते. त्याने खाली आपल्या पायांकडे बघितलं, बोटं मातीत रुतवली आणि वाकला. पाचजण पुन्हा जुळले. या वेळी कुणी हसत नव्हतं, कारण आता पाचांच्याही मनात थोडा राग होता आणि तो कामाला येतो.

खांदे भिडल्याचा आवाज झाला, भरलेलं कपाट ओढावं तसा. डोनलचे डोळे मिटलेले. तो एक वीतभर मागे गेला, टाचेमागे मातीचा वरंबा उठला. आणखी चार बोटं. तेजलने बापाचं मनगट धरलं. ते रात्रभर दुखलं. मग डोनल मागे जायचा थांबला. पाच जावई फुंकारत होते, हवालदार कुणाला तरी शिव्या देत होता, केटरिंगवाल्याचे पाय सटकत होते आणि समोरचं ते धूड जागच्या जागी होतं. नुसतं होतं. गावाला त्यात बघण्यासारखं काही दिसेना. माणसं उभी आहेत, कुणी हलत नाही. हरिचंद्रने मात्र एवढं काही घडताना कधी बघितलं नव्हतं.

डोनलने डोळे उघडले. डावा पाय उचलला आणि पुढे ठेवला. मग उजवा.

गठ्ठा मोडला तेव्हा तो उभा राहिला, मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मानेला हात लावला नाही. "अगेन?" त्याने पाचांना विचारलं, हळूच, वाढून घेऊ का असं विचारल्यासारखं.

त्या दिवशी ते जेवणाची बोलावणी येईपर्यंत रेटत राहिले. पुढचं संकट चंदरच्या घरातून यायला हवं होतं, पण तिथे वेगळंच झालं. आठ दिवस ताटात अर्धं टाकणाऱ्या अनीशने दुपारी धोंडे मागून घेतले, दोनदा. तीच बातमी बाकीच्या चार घरांतून आली. जावई जेवतोय याच्यापुढे सासूला धर्मशास्त्र नसतं. दुसऱ्या सकाळी चंदरच्या बायकोने स्वतः अनीशला उठवून मैदानात पाठवलं आणि मोतीबाईने कोठीचं कुलूप काढलं.

"न्या ती गोण," ती नवऱ्याला म्हणाली. "नायतरी तांदूळ सगळा मळला त्यातला."

आणखी जावई आले. महिन्याच्या शेवटी समोर आठ झाले, तेव्हा डोनल मागे गेला, आणि बाहेर येऊन खूश दिसला. आठांपुढे एकट्याने टिकायचं नसतंच, तेजलने सगळ्यांना समजावलं. तिकडे त्याच्या बाजूलाही सात असतात. हे ऐकून कमलेश म्हणाला, "मग हे आधी सांगायचं ना, साईं. आम्ही उगाच याला देव समजून बसलो."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तेजलचा फोन आला. हरिचंद्र ओट्यावर होता आणि चंदरही तिथेच असणार होता. फोन कानाला लावून हरिचंद्र बराच वेळ नुसता "हं" म्हणाला. क्लबाने डोनलला आधी रेटायच्या मशीनवर घातलं, मग माणसांत. चौथ्या खेपेला स्क्रम कोसळला, सगळे खाली गेले. तेजल बाहेरच्या जाळीला धरून उभी होती. मग ढिगातून डोनल उठला, आणि सगळ्यात आधी म्हणाला, परत लावा. कोचने संध्याकाळी कराराचा कागद पुढे केला. ऑपरेशननंतर सराव कुणाबरोबर केलास, असंही विचारलं.

"मग काय बोलला तो?"

"खरं ते बोलला. एक टाइल्सवाला, एक पोलीस, एक जीन्सवाला. कोचला वाटलं मस्करी करतोय."

हरिचंद्रने फोन ठेवला. चंदर वाट बघत नसल्यासारखा रस्त्याकडे बघत होता.

"घेतला," हरिचंद्र म्हणाला.

"किती दिवसांसाठी?"

"एक सीझन. पुढच्या मेपर्यंत."

"आणि मग?"

"मग यांचं सुट्टीत येणं आहेच. पुढचं पुढे."

चंदरने मान हलवली. मग बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसला. जाताना पायरीवर थांबला.

"अनीश विचारत होता," तो म्हणाला, "मेमध्ये अधिक नसला तरी आला तर चालेल काय? म्हणजे, आम्हाला काय, आम्ही बोलावूच. पण तो मैदानाचं विचारत होता."

हरिचंद्रने विचार केल्यासारखं केलं.

"बघतो," तो म्हणाला, "पहिल्या रांगेत जागा आहे का."